शिवणीतली माया

रात्रपाळी संपवून मी थेट वर्गात येते.
अंगाला सॅनिटायझरचा वास, डब्यात कालचीच पोळी,
आणि मर्सी नदीवरून येणारा वारा
छत्री उलटी करून हातात देतो,
धर, म्हणतो, तुझं तू बघ.

लिव्हरपूलच्या या जुन्या गोदामात
आम्ही अकरा जण शिकतोय
गाव उठून गेलेल्यांचा दवाखाना कसा मांडायचा ते.
पाणी आधी की तंबू आधी.
संडास विहिरीपासून किती पावलं.
हगवणीनं सुकलेल्या पोराला
एका चमच्यानंतर दुसरा किती वेळानं.
बोलताना दुभाष्याकडे नाही, बाईकडे बघायचं.
इखलास सुदानची. तिला यातलं बरंच पाठ आहे,
शिकून नव्हे.
ती वहीत काही लिहीत नाही.

पहिल्या आठवड्यात मिसेस हॅलिगननी पट्ट्या वाटल्या,
हिरवा, पिवळा, लाल.
लहान मुलाच्या दंडाला गुंडाळायची.
घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या आत आला
की पोर लाल रंगात.
"तेवढंच वळं करा," त्या म्हणाल्या, "आणि बोटं घालून बघा."
माझी तीन बोटं मावली.
चौथं नाही.

मिरजेत स्टँडमागे आण्णांचं दुकान.
गळ्यात टेप, कानामागे पेन्सिल,
गिऱ्हाईक पायरी चढेपर्यंत दंडाचा घेर
नजरेनंच मोजून झालेला.
कापताना प्रत्येक शिवणीत अर्धं बोट जादा.
त्या जादा कापडाला आमच्यात माया म्हणतात.
वर्षभरानं पोर अंगानं भरली
की उसवायचं, सैल करायचं.
हा शब्द मला मिसेस हॅलिगनना नीट सांगता आला नाही.
अलाउन्स, म्हटलं.
त्यांनी मान हलवली,
पगाराबद्दल बोलताना हलवतात तशी.

नोव्हेंबरात सराव. बंद पडलेल्या शाळेचं मैदान,
चोवीस जखमी, सगळे खोटे,
बिटाचं रक्त, पिठाची धूळ.
एकेकाला तीस सेकंद, मनगटाला चिठ्ठी, पुढे.
सातवे टेरेन्स, टगबोटीवरून निवृत्त झालेले.
श्वास नाही. मान मागे कलवली. तरी नाही.
काळी चिठ्ठी.
नियम एवढाच.
पण त्यांचा हात गार होता, खरोखरचा गार,
आणि मी तो धरून बसले.

दीड मिनिट.
तेवढ्यात कुंपणापाशी दोघे मेले, कागदावर.
त्यातली एक शाळकरी मुलगी,
च्युइंगम चघळत मेली.
मिसेस हॅलिगननी काहीतरी लिहिलं, वही मिटली.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोनवर आण्णांना सांगितलं.
पलीकडे मशीन थांबलं.
"कापड किती होतं?"
कापड नाही हो आण्णा, माणसं.
"तेच विचारतोय. किती होतं?"
मग थोड्या वेळानं,
"ठाणभर कापड असलं की माया कुणीही सोडतं.
तुकडाच असला की कळतं
कुठल्या शिवणीत सोडायची
आणि कुठे टाका काठाला धरून घालायचा."
मशीन पुन्हा सुरू.
लग्नसराईचे दिवस, त्यांनाही वेळ नव्हता.

फेब्रुवारीत तेच मैदान,
टेरेन्स पुन्हा श्वास न घेता.
मी चिठ्ठी बांधली,
बांधता बांधताच हात उचलून कोटाच्या आत सरकवला,
वरचं बटण लावलं.
एकोणतीस सेकंद.
उठले, मागे बघितलं नाही.
खोटं कशाला, एकदा बघितलं.
कुंपणापाशी या वेळी दोघंही जगली.

चहाच्या वेळी बिस्किट बुडवत टेरेन्स म्हणाले,
"या खेपेला मेलो ते जरा उबेत मेलो, पोरी.
कुठे धाडणार तुला?"
माहीत नाही अजून. यादी मार्चात लागते.

पट्टी पर्समध्येच असते.
घरी जाताना बसच्या वरच्या मजल्यावर
कधी कधी तिचं वळं करते, लाल खुणेवर धरून,
तीन बोटं घालते,
आणि चौथ्याला जागा होते का बघते.