अस्वलटोप

कोपनहेगनच्या बराकीत, तळघराच्या खिडकीपाशी
इंगेलिस टोप विंचरते.
ओला टोप नुसता टांगून ठेवायचा,
शेगडीजवळ न्यायचा नाही, कातडं आकसतं,
हे ती दरवर्षी नव्या पोरांना बजावते
आणि दरवर्षी एखादा नेतोच.

आज सत्तावीस आलेत.
काल राजवाड्यासमोर पाऊस झोडपत होता
आणि पोरं जागची हलली नाहीत.
भिजलेला टोप तान्ह्या मुलासारखा मानेवर बसतो,
फक्त रडत नाही.

आत वेताचा सांगाडा.
घामानं काळवंडलेली चामडी पट्टी,
तिच्याखाली शाईनं, पेन्सिलीनं, एकदा तर नखानं कोरलेली नावं:
थोर्वाल्ड. एस्किल. पुन्हा एस्किल, हा दुसरा.
पोरं मुदत संपली की घरी जातात,
लग्नं करतात, त्यांना टक्कल पडतं.
टोपाचे केस आहेत तेवढेच.
यातला एक तर इंगेलिसहून वयानं मोठा आहे,
त्याला ती जरा हळू विंचरते.

काल चक्कर येऊन पडलेला लाउगे
तोच न्यायला आला.
हनुवटीवर साखळीचा वळ, कान लाल.
"सरळच पडलो," म्हणाला, "शिकवलंय तसं.
हात मांड्यांना लावून."

"बस," ती म्हणाली.
त्याचं बोट धरून केसांत खुपसलं,
मागे, डावीकडे, मुळापर्यंत.
"लागलं?"
वाटाण्याएवढी गाठ. आतून शिवलेली.
"इथून गोळी गेली."

कॅनडातलं कुठलंसं रान.
बोरं पिकली असतील, तोंड निळं झालं असेल.
तेही सरळ पडलं का, कुणी बघितलंय?
त्याला शिकवलं नव्हतं कुणी.

लाउगेनं बराच वेळ बोट काढलं नाही.
वर ढोलवाले एकच तुकडा
पुन्हा पुन्हा चुकत होते.
"उंच दिसावं म्हणून ना हे? शत्रू घाबरावा म्हणून?"
"म्हणतात तसं."
कुणी कुणाला टोपी घातली,
याचा हिशेब इंगेलिस ठेवत नाही.
तिनं पट्टी घट्ट केली, साखळी पुसली,
आणि सांगितलं, उद्या न्याहारी करून जा.

साडेअकराला तुकडी निघाली.
तळघराच्या खिडकीतून फक्त बूट दिसतात.
तीस वर्षं टोप विंचरून
तिला ही पोरं बुटांवरून ओळखता येत नाहीत.
एक जोडी निघताना
अर्धं पाऊल अडखळली, मग जुळली.

तिनं पुढचा टोप घेतला.
अजून ओलाच होता.