पाठ टेकल्यावर

मानवतच्या जिनिंगच्या आवारात
सरकीचा वास अजून मातीत होता.
तिथंच चार खांब, तीन दोऱ्या,
खाली ट्रॅक्टरची टायरं, वर फळ्या, फळ्यांवर माझीच सतरंजी.
खुर्च्याही माझ्या. तीनशे वीस.
लिहून घेतलं होतं आधीच,
मोडली तर भरपाई.

माईकवाला ओरडला, औशाकडचा भूकंप!
आणि मन्मथ बिडवे आला, डोक्यावर टॉवेल घेऊन,
पत्र्याच्या शेडात जन्मलेला,
गाव पडल्यावर पुढच्याच साली.
नाव मुद्दाम घेतलं म्हणे.
घरी आईसमोर ते कुणी काढायचं नाही.

दुसरा पाथरीचा खलील, नांगराचे फाळ डागणारा.
दिवसा डोळ्यावर असतो तो काळा चष्मा
रात्री कपाळावर चढवतो, अन् होतो ठिणगी.
वजन बासष्ट किलो. तेही भिजल्यावर.

शाळेतला टोल आणला होता घंटा म्हणून.
तो वाजायच्या आधीच
ठिणगीनं भूकंपाला कवळ्यात घेऊन
दोरीवरनं भिरकावला,
थेट माझ्या पहिल्या रांगेत.
एक. दोन. तीन.
मी मोजायलो.

मग रिंगण रिंगणात राहिलंच नाही.
रसवंतीवरची बर्फाची लादी
भूकंपाच्या छातीवर फुटली,
पोरं तुकडे वेचून चोखत पुढं पळाली.
भंगारातल्या ट्यूबा पाठीवर फुटल्या, फट् फट्,
पांढरी भुकटी उडाली,
क्षणभर वाटलं कापूसच आला मोसम सोडून.
कापसाच्या काट्यावर एकमेकाला चिकटून आदळले दोघं,
काट्यानं आपलं काम केलं,
आकडा दाखवला एकशे एकोणचाळीस,
अन् आकड्यावर रक्ताचा एक थेंब.
चार. पाच. सहाव्या खुर्चीचा तर पायच सापडेना.

शेजारी सटवाजी वस्ताद, फेट्यासकट ताठ.
ही कुस्ती न्हाई, म्हणाले,
सगळं ठरलेलं असतंय.
मी म्हटलं, व्हय वस्ताद.
लग्नही ठरलेलंच असतंय,
तरी मंडपात माणसं रडतेत.

मग ते टेम्पोच्या टपावर चढले.
भूकंपानं ठिणगीला उचलला, आडवा,
खाली अडीचशे माणसं एकदम गप.
मी टेम्पोला लागूनच होतो, खुर्च्या ओढत,
म्हणून मलाच ऐकू आलं.
हनुवटी आत घे.
अंधारात पायरी आहे सांगावं, तेवढ्याच आवाजात.

अन् हवेत, खाली येता येता,
भूकंपाचा पंजा त्याच्या मानेखाली गेला,
न्हाऊ घालताना बाळाचं डोकं धरतात
तसा.

फळी मोडली. धूळ उठली.
जनरेटरचा आवाजही वेगळाच लागला.
आपल्याकडं पाठ टेकली की संपतं,
माती झटकायची, फेटा घ्यायचा, घरी जायचं.
ह्यांचं पाठ टेकल्यावर सुरू होतंय.
पडणं हाच ह्यांचा डाव,
अन् दुसऱ्याला नीट पाडणं
ही ह्यांची इमानदारी.

वस्ताद कधी उभे राहिले कळलं नाही.
पडायला शिकलेत पोरं, म्हणाले,
फेटा सारखा केला,
अन् निकाल न ऐकताच निघाले.
कोण जिंकलं मलाही नीट आठवत नाही.

रात्री जनरेटरच्या मागं हिशेबाला गेलो.
खलील पालथा पडलेला,
मन्मथ मोबाईलच्या उजेडात चिमट्यानं
त्याच्या पाठीतली काच काढायला,
अन् दोघांचं भांडण टेम्पोच्या डिझेलवरनं, खरंखुरं.
किती मोडल्या, मन्मथनं विचारलं, मान वर न करता.
अकरा, मी म्हटलं. पैसे दहाचे द्या.
अकरावी माझ्याच पायाखाली गेली,
टपावरनं तुम्ही आलात तवा
तिच्यावर उभा राहून नाचायलो होतो मी.

खलील हसला, तशी पाठ हलली.
गप पड, मन्मथ म्हणाला,
अजून एक हाय.