डावी वीज

शोगेरनं कार्ड आधीच आणलंय.
बसमध्ये कुणी कोंबडं धरावं तसं
खोकं मांडीवर घेऊन ती येरेवानभर फिरली.
आता म्हणते, बाबा, पॉवर सप्लाय तुम्ही निवडा,
तुमचा जन्म सबस्टेशनात गेला.

गेला खरा.
पण माझ्या हातची वीज भट्ट्या तापवायची, ट्रॉलीबस ओढायची.
हिची वीज काय करणार, तर
जर्दाळूच्या रसाची जाहिरात:
पडद्यावर एक पेला, आणि पेल्यातून आरपार जाणारा
किरण न् किरण मोजलेला उजेड.

दुकानात नोरायर, वय अठ्ठावीस,
साडेआठशे वॅटचा डबा मांडतो, शेजारी हजारचा.
कोपऱ्यात तिसरा, बाराशेचा,
लाल अक्षरांचा, सगळ्यांत स्वस्त.
मी तोच आधी उचलतो.
आहेरातल्या भांड्यासारखा हलका.
ठेव पोरा, हे वॅट छापखान्यात तयार झालेत.

मग खिशातली पेन्सिल.
कार्ड साडेचारशे. प्रोसेसर अडीचशे.
पंखे, पंप, डिस्क मिळून धर शंभर.
आठशे, शोगेर म्हणते,
मग साडेआठशेत बसतंय की.
बसतंय.
उभं राहणार नाही.

काका बरोबर बोलतात, नोरायर म्हणतो,
हे कार्ड मधेच उचकी देतं,
डोळ्याचं पातं लवायच्या आत दुपटीनं ओढतं,
तेवढ्यात सप्लाय दचकला की सगळं काळं!
हसतो.
त्याचा जन्म नंतरचा.

त्र्याण्णवच्या हिवाळ्यात दिवसाला तासभर वीज असायची,
आणि तो तास कुठल्या गल्लीला कधी
हे ज्या चौघांच्या हाती होतं
त्यांतला एक हात हा, पेन्सिल धरलेला.
लोक यादी मागायचे. मी यादी दाखवायचो.
यादीत नव्हतं ते असं:
बेकरीची लाइन तोडायची नाही, असा हुकूम होता,
आणि बेकरीमागच्या भिंतीतून एक तार
आमच्या तिसऱ्या मजल्यावर यायची.
डावी वीज म्हणायचे तिला.
तशी सगळेच ओढायचे,
पण सगळ्यांच्या हातात खटका नव्हता.

चाळीसचा एक बल्ब.
उजेड बाहेर जाऊ नये म्हणून खिडकीला घोंगडी.
त्याखाली शोगेरनं अक्षरं गिरवली.
शेजारची हायकानुश मेणबत्तीशी विणत बसायची
आणि सकाळी जिन्यात विचारायची,
तुमच्याकडंही अंधारच ना?
अंधारच, मी म्हणायचो.

हजारचा दे.
वरचे पैसे मी घालतो.
उगाच, शोगेर म्हणते, दोनशे वॅट नुसते पडून राहणार.
त्यासाठीच तर, मी म्हणतो,
आणि पुढं सांगायचं ते
सुट्टे मोजताना राहून जातं.

रात्री टेबलाखाली वाकून प्लग मीच लावतो.
सोळा पिनांचा, बोटाएवढा.
अर्धवट बसला तर तापतो, वितळतो,
नोरायरनं दोनदा बजावलंय.
अंगठ्यानं दाबतो.
काही नाही.
बाबा, बसला का?
थांब.
गुडघे टेकून, श्वास रोखून, पुन्हा.
टक्.

वर पेला उजळतो.
पिवळा, लालसर, काठावर एक थेंब,
आणि थेंबात आख्खी खिडकी, जी कुठंच नाही.
सुरेख, मी म्हणतो. खरंच सुरेख आहे.
आमच्या खिडकीला आता पडदासुद्धा नाही.
समोर जाऊन विणणारीच राहिलेली नाही.

पाणी प्यायच्या निमित्तानं उठतो
आणि जिन्यात मीटरपाशी जाऊन उभा राहतो.
पूर्वीसारखं फिरणारं चाक नाही, नुसते आकडे.
एकेक करून चढतायत,
आमच्या नावावर.