पावली

फहाहीलहून निघालो तेव्हा धूळ उडत होती,
समुद्र त्या बाजूला असतो, एवढंच म्हणायचं.
गिरीशने अर्ध्या दिवसाची रजा टाकलेली.
वल्लरीच्या फ्रॉकला इस्त्री करता करता
माझेच हात घामेजले, दोनदा धुऊन आले.

शाळेचं दार उघडलं की बँकेसारखा गार झोत.
भिंतीवर ऋतूंचा तक्ता: बर्फ, फुलं, ऊन, गळती पानं.
त्यांचे चार. आपले सहा. इथले धरून-सोडून दोन.
मी उगाच बेरीज करत उभी.

जोगळेकरबाईंनी फोनवर बजावलेलं,
मान्यता कुणाची ते विचारा,
शिक्षक वर्ष संपायच्या आत पळतात का विचारा,
हा दाखला उद्या भारतात कुणी धरतं का,
आणि बसमध्ये एसी चालतो का, हे तर आधी.
मी विचारलं भलतंच:
पाढे पाठ करून घेता का?
मरिव्हिक नावाची ती पोरगी हसली, वाईट नाही हसली,
म्हणाली, आमच्याकडे मुलं ते शोधून काढतात.

अकोल्यात नऊ वर्षं
अभ्यासक्रमात नसलेली पावकी, निमकी, अडीचकी
मी शेवटच्या तासाला घोकून घेतली,
हेडमास्तर फेरीला आले की फळा पुसून.
इथल्या कार्डावर माझा धंदा: काही नाही.

मग फीचा कागद आला.
इथे पैशाला टिंबानंतर तीन आकडे असतात,
आल्या आल्या मला त्याची गंमत वाटली होती.
आज टिंबाच्या अलीकडे चार होते.
गिरीशने मनातल्या मनात रुपये केले,
त्याच्या कानशिलावर मला ते दिसले.
निम्मे कंपनी देते.
निमकी कामाला आली ती अशी.

अर्जात एक रकाना होता:
इथे किती वर्षं राहणार?
त्याने खिशातलं पेन परत ठेवलं
आणि माझ्याकडे पेन्सिल मागितली.

चाचणीचं नाव मॅप. मला आधी माप ऐकू आलं.
काचेपलीकडे वल्लरी, पाय जमिनीला न टेकलेली,
आणि समोर नेब्रास्काच्या एक उंच बाई,
त्यांनी टेबलावर प्लॅस्टिकची नाणी ओतली.
त्यांच्या देशाची. तिने कधी न पाहिलेली. मीही.
बाईंनी एक उचललं, काही विचारलं.
पोरीने ते उलटं केलं, सुलटं केलं,
मग काचेतून माझ्याकडे बघत
ओठ हलवले: पावली?

मी मान हलवली. हलवायची नसते.
नऊ वर्षं मीच पोरांना सांगितलं, परीक्षेत आईकडे बघायचं नाही.

पुढचं बाईंनीच नंतर सांगितलं.
चार मिळून एक, हे तिने लगेच केलं.
पण मग विचारलं म्हणे,
ह्याच्यावर माणूस का? गेंडा कुठे गेला?
बाईंनी सात वर्षांच्या मुलांचे पुष्कळ प्रश्न ऐकलेत,
हा नव्हता ऐकला.
मी सांगायला गेले, आमच्याकडचं पंचवीस पैशांचं नाणं,
आता बंद झालं, घरी एक आहे, तिला पाव शिकवायला...
इंग्रजीत मला निम्मंच सांगता आलं.

गाडीत तिने बाटलीभर पाणी संपवलं.
म्हणाली, खोडलं तरी रागावत नाहीत तिथे.
गिरीश म्हणाला, त्याचेच पैसे घेतात.
मग कुणी बोललं नाही, मंगाफच्या सिग्नलपर्यंत.

तीन दिवसांनी पत्र आलं. जागा आहे.
गुरुवारपर्यंत अनामत भरा, परत मिळणार नाही.
गणितात पुढे आहे. वाचनात थोडा हात द्यावा लागेल.
खाली बाईंच्या अक्षरात एक ओळ:
ते गेंड्याचं नाणं वर्गात दाखवायला आणाल का?

काल रात्रीपासून डबे उपसतेय.
बटणं सापडली, सेफ्टी पिना, अकोल्याच्या कपाटाची किल्ली,
दहा पैसे दोन, वीस पैसे एक.
आज मंगळवार.
गिरीश दारात उभा राहून विचारतो, भरू का?
मी म्हणते, थांब जरा,
ह्या कप्प्यात अजून बघितलं नाही.