चाळीस वाव

डोळे मीट, सेमिसी.
हा नायलॉनचा धागा. तुझ्या दोरीसारखाच,
फक्त बोटभर,
आणि याच्या टोकाला गळ नाही.
पायाला लागला की ‘हो’ म्हण.

अंगठा.
करंगळीखालची गादी.
टाच.

बाहेर शाळेची घंटा झाली.
कुणाचं तरी डुक्कर दवाखान्याच्या पायरीशी हुंगत उभं राहिलं.
तू डोळे मिटून वाट बघत होतास,
होडीत बसून बघतोस तशी,
कसलीच घाई नसलेली.

मी तीन ठिकाणी धागा टेकवला, वाकेपर्यंत दाबला.
तू म्हणालास,
“कर की सुरू, कालोलाइने.”

अख्ख्या हाआनो बेटाला ठाऊक आहे,
चाळीस वाव खाली मासा आमिषाला
नुसतं तोंड लावून गेला
तरी तुझ्या तर्जनीला कळतं.
तू सांगतोस कोणता मासा, केवढा, भुकेला की नुसताच चौकस.
आणि हा पाय
तुझ्यापासून दीड वावही लांब नाही.

मी टाच उजेडाकडे वळवली.
कातडी जाड, भेगांत वाळू,
आणि एका भेगेत काहीतरी काळं. चिमट्याने ओढलं
तर गळ निघाला.
लहान, गंजलेला, मागोमाग पू.

तू हसलास आधी.
“मंगळवारपासून शोधतोय तो!”
मग तुझ्या लक्षात आलं
आज सोमवार आहे.

जखम धुताना मी बोलत राहिले, बोलायचंच असतं.
आमच्या भाषेत या दुखण्याचं नावच साखर,
म्हणून सगळ्यांना वाटतं, चहातली बंद केली की झालं.
राजधानीहून आलेल्या तक्त्यावर एक सफरचंद आहे
आणि हिरव्या फुलासारखी एक भाजी.
दोन्ही या बेटावर कुणी पिकवत नाही.
मी तो तक्ता उलटा करून मागे अळकुड्या काढल्या,
मुठीएवढ्या दोन. दोनच, सेमिसी.
रविवारी प्रार्थनेनंतर भट्टी उघडेल,
अळूच्या पानांतलं मांस, वर नारळाचं दूध,
ते खाऊच नकोस असं मी म्हणणार नाही.
म्हटलं तर तू पुढच्या महिन्यात
मला बघून वाटच बदलशील.

इन्सुलिन आमिषाच्या डब्यात बर्फावर ठेवू नकोस.
गोठलं की ते मेलं, पुन्हा वितळलं तरी मेलेलंच.
सुई कशी टोचायची ते पपईवर करून दाखव.
हळू. पपई आहे, शार्क नाही.

माझ्या आईचा पाय आम्ही आधी पुरला.
आई त्यानंतर नऊ वर्षांनी.
हे मी कुणाला सांगत नाही,
आज तुझ्या टाचेला पट्टी बांधताना
तोंडातून निघून गेलं.

तू बराच वेळ पट्टीकडे बघत बसलास.

आता तू मला शिकव, मी म्हटलं.
समज, मी पेशंट, कालच कळलंय मला.
तू घसा खाकरलास, चर्चमधल्यासारखा.
“होडी लोटण्याआधी बघायचे. आल्यावर बघायचे.
आरसा जमिनीवर ठेवून, वर पाय धरून.
पिसिलाला दाखवायचे, तिची नजर अजून चांगली आहे.
प्रवाळावर बूट. गरम पाण्यात आधी कोपर.
आणि...”
इथे तू अडलास. हे मी सांगितलेलं नव्हतं.
“पायाला कळत नसेल
तर पायाला हात लावून विचारायचं.”

मग तू दुसरा, चांगला पाय मांडीवर घेतलास
आणि तर्जनी टाचेपासून अंगठ्याकडे नेलीस,
थांबत, मान जराशी कलती,
खाली कुणी दोरी हलवतंय का
ते ऐकत असल्यासारखी.

जाताना दारातून परत आलास.
“तो गळ दे. घासला की चालेल अजून.”

नाही दिला.