बाटलीच्या पाठीवर

लेबलाला जागा सात सेंटीमीटर बाय पाच.
त्यातली निम्मी कायद्यानं खाल्लेली:
टक्के, मिलीलिटर, पोटुशी बाई आणि तिच्यावर तिरकी रेघ.
उरलेल्या दोन ओळींत मी लिहायचं
ही वाईन कशाबरोबर प्यावी.

सोसायटीच्या कचेरीत अकरा वर्षं हेच लिहिते.
कालवं, शिणाणे, भाजलेला मासा, बकरीच्या दुधाचं चीज.
आठ अंशांवर थंड करून.
फक्त साल बदलतं.

पिकपूल.
म्हातारे सांगतात, नावाचा अर्थ ओठाला डसणारी.
खरंखोटं देव जाणे.
पण पहिल्या घोटाला गालाच्या आत कुठेतरी
बारीक कळ उठते
आणि तोंडाला पाणी सुटतं
समोर ताटात काही नसलं तरीही.

हे लेबलावर मावत नाही.
हेही नाही, की मागलोन बाईंच्या वेलांची शेवटची रांग
खाऱ्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे.
हाक म्हणजे खरोखरची हाक:
शनिवारी सकाळी कुंपणाशी उभ्या राहून त्या
"फुल्क्रां!" म्हणून ओरडतात
आणि तळ्यातल्या लोखंडी मांडवांमधून
एक निळी टोपी हलते.
तीन बाटल्या, चार डझन कालवं.
पावती नाही. सत्तावीस वर्षं.

फुल्क्रांचे हात सिमेंटचे.
इथल्या समुद्राला भरती-ओहोटी नावापुरतीच,
म्हणून तो एकेक पोर कालव
दोरीला सिमेंटनं चिकटवतो,
तीन-तीनच्या घोळक्यात,
आणि दोरी पाण्यात सोडून वाट बघतो.
वाट बघण्याचाच धंदा आपला, तो म्हणतो,
बाईंचा उन्हात, माझा पाण्याखाली.

त्या ऑगस्टात वारा पडला.
नऊ दिवस बंदरावरची निशाणं काठीला चिकटून.
दहाव्या दिवशी तळं पांढुरकं झालं, दूध नासावं तसं,
आणि सडक्या अंड्यांचा वास
पार चर्चच्या पायऱ्या चढून आला.
मालाएग, म्हातारे म्हणाले,
आणि खिडक्या लावून घेतल्या.
जुन्या बोलीतला शब्द. वाईट पाणी.
दोऱ्या वर ओढल्या
तर एकूण एक कालव आ वासून.
जिवंत कालव असं तोंड उघडत नाही.

त्या शनिवारी बाईंनी हाक मारली नाही.
फुल्क्रां आपणहून आला, रिकामी टोपली घेऊन.
टोपली का आणली, त्यालाही सांगता आलं नसतं.
बाईंनी तीन बाटल्या त्यात ठेवल्या.
त्यानं दोन काढून परत फळीवर लावल्या,
तिसरी उघडली.
मी नमुन्याच्या बाटल्या न्यायला आले होते,
मलाही बसवलं.

खायला काय,
तर सेतहून आणलेली टिएल, कालची, अर्धी:
ऑक्टोपस भरलेली, तिखट, काठांवर सुकलेली.
बाईंनी सुरीनं तीन भाग केले, एक जरा मोठा.
टोमॅटोचा तांबडा तवंग बोटांना लागला.
फुल्क्रांनं घोट घेतला. बराच वेळ तोंडातच ठेवला.
"अजून खारट लागते," म्हणाला.

"मुळं तुझ्या तळ्याकडे गेलीत," बाई म्हणाल्या,
"खाल्ल्या मिठाला जागणारच."

सप्टेंबरात तो त्यांच्याकडे तोडणीला गेला, रोजावर.
पिकलेले मणी हात लागताच गळतात या जातीचे,
आणि त्याची बोटं जाड.
मणी टोपीत झेलत, शिव्या देत,
दिवसाला इतरांच्या निम्म्या रांगा.
बाईंनी मजुरी मात्र पुरी मांडली.
त्यावरून त्यांचं भांडण झालं,
दोन शनिवार बोलले नाहीत.

मागच्या आठवड्यात छापखान्याचा फोन आला.
पाठीवरचा मजकूर तोच का?
खिडकीतून दिसत होतं:
शेडच्या दारात, पाटावर बसून
फुल्क्रां सिमेंट कालवत होता,
शेजारी जाळीत नखाएवढी कालवं,
दुसऱ्या कुठल्या तरी किनाऱ्यावरून मागवलेली.

तोच, मी म्हटलं.
कालवं आधी येऊ देत.