सव्वाची जागा

नारिनच्या वरच्या अंगाला, जिथे नदी अजून
नाव घेण्याइतकी मोठी झालेली नाही,
तिथे आमची शाळा. खिडक्या चार, त्यातली एक पुठ्ठ्याची.
पाऊण उजेड, बुरुलकान एजे म्हणायच्या,
आणि हजेरी घ्यायच्या.

त्या हिवाळ्यात त्यांनी जुन्या लोकरीच्या नमद्यातून
रोटीएवढी लाल वर्तुळं कापली.
एक अख्खं. एकाचे दोन. एकाचे चार. एकाचे आठ.
त्यांच्या आईने जन्मभर नमदे शिवले होते,
लेक कातरत बसली.

"मोठे कोण, आठ की चार?"
"आठ!" सगळा वर्ग.
"मग हा घे आठातला एक," म्हणत त्यांनी
नुरदूलोतच्या तळव्यावर
कोकराच्या कानाएवढा तुकडा ठेवला.

छेद वाढला की घास घटतो
हे त्याला कळलं, पटलं नाही.
"आमच्याकडे मेंढी कापली की डोकं थोरल्या पाहुण्याला,
त्यातला एक कान मला.
तो कितवा भाग?"
एजे बराच वेळ कातरीकडे बघत राहिल्या.
"ते मलाही अजून सुटलेलं नाही."

शुक्रवारी घोड्याचा दोर आणला.
शेगडीच्या पायाला शून्य, दाराच्या चौकटीला एक,
मध्ये आठ पावलं
आणि प्रत्येकाच्या हातात एक पुठ्ठा.
आपापली जागा शोधा.

आयझिरेकला आलं एक छेद दोन,
कानिकेयला चार छेद आठ.
बटाटे काढल्यापासून दोघी बोलत नव्हत्या.
एक शेगडीकडून आली, एक दाराकडून,
आणि चौथ्या पावलावर कोपराला कोपर.
"इथे मी आहे."
"इथे मीच आहे."
एजे शेगडीत कोळसा सारत राहिल्या.
कानिकेयने खिडकीच्या वाफेवर बोटाने लिहिलं
चार छेद आठ, दोन छेद चार,
आणि खालची ओळ लिहायच्या आधीच थांबली.

मग उभ्या राहिल्या, एकीचा डावा बूट
दुसरीच्या उजव्यावर.
बोलल्या नाहीत.
हटल्याही नाहीत.

माझ्या पुठ्ठ्यावर पाच छेद चार.
मी चालत चालत चौकटीशी पोचलो.
"एजे, दोर संपला."
"दोर संपला. आकडे संपले का?"

मी दार उघडलं. गारठा आत घुसला,
आठातला तुकडा कुणाच्या तरी हातून उडाला.
बर्फात एक पाऊल. दुसरं.
सव्वा.
तिथे दूधवाल्याची घोडी बांधलेली होती,
तिने सरकून मला जागा दिली.

आतून ओरडा झाला, दार लाव, दार लाव!
"राहू दे उघडं," एजेंचा आवाज,
"तो अजून आपल्याच रेषेवर आहे."

घोडीने माझा पुठ्ठा हुंगला
आणि पाचाचा अर्धा कोपरा खाल्ला.
उरलं ते किती,
हे मला त्या दिवशी कुणी विचारलं नाही.